नाना, पखवाजाला कणीक लागली!

रामराम नाना,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "ते राहू दे, स्पीकर कसे वाजताय ते सांग" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकतो. छोटे स्पीकर घेऊन बेससाठी (खालच्या जाड आवाजासाठी) दुकानं पालथी घालणारे माझ्यासारखे अजून असतीलच, त्यांच्याही कामात येईल.

तुम्हाला माहितीय, पण बाकीच्यांसाठी सांगतो. माझ्याकडे एक जुनी जोडी आहे, पाच इंची वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर), मागे सहा ओहम (विजेला होणारा अडथळा) लिहिलेलं. पारोळ्याला घरी आणली, ४४४० आयसीचा (त्या नंबरच्या चिपचा) असेंबल अ‍ॅम्प (आवाज वाढवणारं यंत्र) होता त्याला जोडली. आवाज एकदम स्वच्छ, गायकाचा श्वास ऐकू यायचा, पण खाली काहीच नाही. आमचे वडील भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवत होते, त्यांनी एक अभंग पूर्ण ऐकला आणि म्हणाले, याला कणीक लावायची विसरले का? पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, ओली कणीक नाही लावली तर ती जशी कोरडी टकटक वाजते ना, अगदी तसंच वाजत होतं. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मग मी एका दुकानात गेलो, तिथं सांगितलं की स्पीकरला पॉवर कमी पडतेय, दोनशे वॉटचा घ्या, पन्नास हजारापर्यंत जाईल. मी पैसे जमवायला पण लागलो होतो नाना, खरंच. त्याच्या आत धुळ्याला तुमच्याकडे दुरुस्तीवाल्याकडे आलो हे माझं नशीब.

तुम्ही अ‍ॅम्पकडे बघितलंच नाही. "पहिले तार दख, मंग वॉट मोज," एवढंच म्हणाले आणि ड्रॉवरमधून पेन्सिल सेल काढला. दीड व्होल्टचा साधा सेल, त्याला वायरचे दोन तुकडे, प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, नुसतं टेकवायचं आणि काढायचं. पहिल्या स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) टप्पकन बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला! मी म्हटलं उलटं लागलं असेल, तुम्ही परत टेकवलं, परत आत. बाहेरून माझी जोडणी बरोबरच होती, लालला लाल, काळ्याला काळी, पण आधी कोणीतरी तो स्पीकर उघडून वूफरच्या वायरी आतून उलट्या डाग (सोल्डर) दिलेल्या. म्हणजे एक वूफर हवा पुढे ढकलतोय तेव्हाच दुसरा मागे ओढतोय, आणि बेसच्या लाटा इतक्या लांब असतात की दोघं मिळून एकमेकाला खाऊन टाकतात, वरचे सूर मात्र बरेचसे वाचतात, म्हणून मला आवाज "स्वच्छ" वाटत होता. चार स्क्रू, दोन डाग, दहा मिनिटं. त्याच ४४४० वर तोच अभंग लावला आणि धूम आली. पूर्ण नाही, पण आली. मला तिथंच भरून आलं होतं, तुम्ही बघितलं की नाही माहीत नाही.

अ‍ॅम्पचं तुम्ही समजावलं ते मी आता दहा जणांना तरी सांगितलंय. अ‍ॅम्प बेस तयार करत नाही, कोणताही बरा अ‍ॅम्प २० हर्ट्झपासून २० हजारपर्यंत (जाड सुरांपासून बारीक सुरांपर्यंत) सगळं सारखंच वाढवतो, पाच इंची डबा साठ हर्ट्झच्या खाली स्वतःच दम सोडतो, तिथं अ‍ॅम्प बदलून काही होत नाही. पण मग वॉट कशाला लागतात, तर छोट्या स्पीकरला बेसचं बटण फिरवावंच लागतं, आणि ते बटण फुकट फिरत नाही. तीन डीबी (आवाजाचं माप) वाढवलं की दुप्पट पॉवर, सहा डीबीला चौपट, दहा डीबीला दहापट. माझा ४४४० एका बाजूला फार तर सहा वॉट देणार (डब्यावर १२०० वॉट पीएमपीओ, म्हणजे फुगवलेला आकडा, छापलंय, त्याला काहीच अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी पॉवरच बघायची), त्यात बेस वाढवला की तो तिथंच क्लिप होतो (ताकद संपून आवाज कापला जातो), धूम फाटते, आणि क्लिप झालेला आवाज ट्विटर (बारीक सूर वाजवणारा छोटा स्पीकर) जाळतो तो वेगळाच. म्हणजे मी दमदार अ‍ॅम्प शोधत होतो ते चुकीचं नव्हतं, त्यामागचं कारण चुकीचं होतं.

आणि दुसरी गोष्ट करंटची. मल्टिमीटर लावून दाखवलं, सहा ओहम लिहिलेला स्पीकर पाचच दाखवत होता, आणि गाणं चालू असताना कुठल्या कुठल्या फ्रिक्वेन्सीला तो चार ओहमपर्यंत उतरतो, तेव्हा अ‍ॅम्पकडून जास्त करंट ओढतो, ट्रान्सफॉर्मर किरकोळ असेल तर नेमकं ठोका पडताना व्होल्टेज बसतं. म्हणून तुम्ही म्हणालात की कागदावरचे वॉट वाचण्याआधी चार ओहमला चालतो का ते वाच आणि अ‍ॅम्प हातात उचलून बघ. मला हे फार आवडलं, हातात उचलून बघ. क्लास डीचे (वीज भराभर चालू-बंद करून चालणारे) हलके अ‍ॅम्प पण चांगले असतात, तिथं वजन सांगत नाही, त्याचा अ‍ॅडाप्टर किती अँपिअरचा आहे ते बघायचं, हेही तुम्हीच सांगितलं.

बरं, एवढं सांगून तुम्ही मला काही विकलं नाही. स्वतःच्या फळीवरचे दोन अ‍ॅम्प माझ्या पिशवीत घातले, आठ दिवस घरी ऐक म्हणाले. अनोळखी माणसाला, पैसे न घेता. त्यातला जुना साठ वॉटचा, बेस, ट्रेबल (बारीक सूर) आणि लाउडनेसच्या (बारीक आवाजात बेस उचलणाऱ्या) बटणाचा, तोच मी ठेवला. कॅपॅसिटर बदलून, रिलेचे पॉइंट घासून, व्हॉल्यूमची खरखर काढून तुम्ही जे पैसे घेतले त्यात दुकानातल्या त्या अ‍ॅम्पची पेटी पण आली नसती.

आता घरचा रिपोर्ट. बेल वायर (डोअरबेलची बारीक तार) काढून टाकली, दीड स्क्वेअर एमएमची घातली. स्पीकर खिडकीतून उतरवून स्टुलावर, मागच्या भिंतीपासून एक वीत. आधी कोपऱ्यात ठेवले तर सगळंच घुमायला लागलं, ढोलात बसल्यासारखं, म्हणून कोपरा सोडला. आणि खाट! खोली दहा बाय बाराची, खाट मधोमध होती, तिथं बेस गायब आणि उठून भिंतीशी गेलं की हजर, म्हणून खाट भिंतीला लावली, आई चिडली होती पण आता तिलाही तिथंच बरं वाटतंय. बेस मी अर्ध्याच्या पुढे नेत नाही, एकदा पूर्ण नेला तर कोन नुसता फडफडताना दिसला, आवाज काहीच नाही, मुकाट्याने मागे घेतला. लाउडनेस फक्त रात्री, आवाज बारीक असताना, कारण बारीक आवाजात कानालाच बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय असं तुम्ही सांगितलं तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं ते बटण लोक विनाकारण दाबून ठेवतात किंवा कधीच दाबत नाहीत. अ‍ॅम्प कपाटात कोंबला नाही, वर चार बोटं जागा सोडलीय, आपल्याकडचा मे महिना त्याला काढायचाय.

वडिलांचा हात आता थरथरतो, पखवाज खुंटीला आहे. परवा रात्री तोच अभंग लावला, ते काही बोलले नाहीत, पण उजवा हात मांडीवरच राहिला आणि डाव्या हाताने गादीवर धूम धरली, शेवटपर्यंत. मी दारातून बघत होतो.

तुमचा दुसरा अ‍ॅम्प अजून माझ्याकडेच आहे, रविवारी सकाळच्या एसटीने आणतो. भरिताची वांगी आलीत बाजारात, आई भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून देणार आहे, तेव्हा काकूंना सांगा त्या दिवशी स्वयंपाक करू नका. आणि वडील पण येतो म्हणताय, त्यांना तो सेल बघायचाय.