पोतं मिळालं, पण काढा बंद कर

नागपूर, ७ डिसेंबर

ती. आई-बाबांस सा. न.,

संत्र्याच्या सालींचं पोतं काल गणेशपेठ स्टँडवर मिळालं. हमालाने उचलून बघितलं आणि म्हणाला, "ताई, यातला संत्रा कुठं गेला?"

बाबा, 'आमच्या संत्र्यानं कॅन्सर मरते, पोरीनं शोध लावला' असं तुम्ही काटोलच्या बाजारात सांगत फिरता, हे मामाकडून कळलं. आणि आई, तू ते ऐकून रोज सकाळी सालीचा काढा घेतेस म्हणे. फोनवर तू 'जेवलीस का' विचारून विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे.

मी नेमकं काय करते ते ऐका. साल सावलीत वाळवून दळायची, मिथेनॉलमध्ये तिचा अर्क काढायचा, मिथेनॉल उडवून टाकायचं. उरतो तो चिकट गोळा. तो विरघळवून ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशींवर थेंब थेंब घालायचा. मग एक पिवळं रसायन टाकायचं. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जांभळं कमी, तितक्या पेशी मेल्या. शेजारच्या खळग्यांत तुलनेला तुझं ते लाल औषध असतं, आई, केमोतलं. आपला अर्क त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय सालीतली काही द्रव्यं पेशी नसतानाही पिवळ्याचं जांभळं करून आम्हाला फसवतात.

या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी, नाव एमसीएफ-७. १९७० साली अमेरिकेत एका ६९ वर्षांच्या ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या. ती बाई त्याच वर्षी गेली, पेशी अजून वाढताहेत. प्लेट बाहेर काढताना मला दर वेळी तिची आठवण येते, वेडेपणाच म्हण. तुझ्या गाठीसारख्याच त्याही इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसणाऱ्या. म्हणून तर तुला रोज ते इस्ट्रोजेन अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी आहे.

आता मुद्द्याचं. संत्रावर्गीय फळांच्या सालीत टँजेरेटिन नावाचं द्रव्य असतं. प्लेटमध्ये ते या पेशींची वाढ रोखतं, छान दिसतं. पण १९९९ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी अशाच गाठी असलेल्या उंदरांना टॅमॉक्सिफेनसोबत ते पिण्याच्या पाण्यातून दिलं, तर गोळीचा गुणच नाहीसा झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. तरी तुझ्या गोळीशी असला खेळ मला नको. काढा आजपासून बंद. इतके दिवस घेतलास, हेही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांग, लपवू नकोस. फोडी खा हव्या तितक्या.

बाबा, तुमच्यावर रागावले नाही. पण 'मरते' म्हणायचंच असेल तर 'प्लेटमध्ये' हा शब्द आधी लावा. प्लेटमध्ये पेशी मारणं अवघड नसतं. चांगल्या पेशी वाचवून मारणं अवघड. तो भाग माझा अजून व्हायचाय.

आणि एक, या आंबिया बहाराला शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची? सालीवर औषध राहिलं असेल तर पेशी संत्र्याने मेल्या की फवारणीने, हे मला कळणार कसं? विहिरीजवळच्या दोन झाडांवर यापुढे फवारू नका, त्यांची फळं वेगळी बांधा. आणि अख्खी पाठवा. आतला संत्रा संपवायला आमच्या लॅबमध्ये माणसं भरपूर आहेत.

तुमची,
मनू