मोठ्या रात्रीची पोपटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री घरी पोपटी, म्हणजे पाला घालून मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, करावी हे सुचवण्यासाठी हे पत्र. संक्रांत आली की ‘आजपासून दिवस मोठा होऊ लागतो’ असे दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. खरे तर तोवर दिवस मोठा होऊ लागून तीन आठवडे उलटलेले असतात. सूर्य दक्षिणेकडून माघारी वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. संक्रांत निरयन राशीवर, म्हणजे ताऱ्यांच्या स्थानावरून, धरतात आणि अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, ती हळूहळू सरकत १४-१५ जानेवारीवर आली. राष्ट्रीय पंचांग सायन, म्हणजे ऋतूंशी बांधलेले आहे, म्हणून त्यातला पौष २२ डिसेंबरलाच लागतो.

अलिबागला त्या दिवशी सूर्य सकाळी ७ वाजून ७ मिनिटांच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी ६ वाजून ७ मिनिटांच्या सुमारास मावळतो. म्हणजे दिवस ११ तासांचा आणि रात्र १३ तासांची. मुलांना दाखवायचे असेल तर दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी अंगणात १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते. माध्यान्हीची याहून लांब सावली वर्षात पडत नाही.

ही रात्र घरच्या पोपटीसाठी राखून ठेवावी, एवढेच सुचवायचे आहे. आपल्याकडे भातकापणीनंतर पेरलेल्या वालाला याच सुमारास शेंगा धरू लागतात आणि रिकाम्या खाचरांत, बांधावर भांबुर्ड्याचा, म्हणजे एका उग्र वासाच्या रानरोपाचा, पाला उभा असतो. शेंग घेताना दाबून पाहावी. दाणा बोटाला लागला पाहिजे, पण साल हिरवी हवी. सगळ्या चपट्या शेंगा लागल्या तर आठवडाभर थांबलेले बरे. कोवळी शेंग मडक्यात नुसती सुरकुतते.

सहा माणसांना दीड किलो शेंगा, अर्धा किलो लहान बटाटे, दोन-तीन रताळी, थोडे कणगर (हाही एक कंद) आणि ६ अंडी पुरतात. ज्यांना चालते त्यांनी पाऊण किलो कोंबडी घ्यावी. तिचे लहान तुकडे करून खोल चिरा द्याव्यात, आले-लसूण-मिरची-कोथिंबिरीचे वाटण, हळद, मीठ आणि लिंबू लावून दोन तास ठेवावे आणि मग केळीच्या पानात दोन-तीन लहान पुड्या बांधाव्यात. एकच मोठी पुडी बांधली तर हाडाजवळ कच्चे राहते. शेंगांना जाडे मीठ तीन चमचे आणि ओवा दोन चमचे चोळावा. वाल वातूळ, त्यामुळे ओव्यात काटकसर नको.

मडके आठ-दहा लिटरचे आणि वापरातले घ्यावे. कोरे मडके पहिल्याच जाळात तडकण्याची भीती असते. तळाला दोन बोटे पाला, त्यावर शेंगांचा थर, मधोमध पुड्या, कंद आणि अंडी, पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडात पाला घट्ट कोंबायचा. अंडे मडक्याच्या भिंतीला टेकले तर फुटते, म्हणून ते पाल्यात गुंडाळून मध्येच ठेवावे. घट्ट बसवायचा तो तोंडातला पाला. आतला माल दाबून भरला की वाफ फिरत नाही आणि गाभा कच्चा राहतो. तेल नाही, पाणी तर मुळीच नाही. शेंगा धुतल्याच तर पूर्ण निथळून घ्याव्यात. शेंगांचे आणि पाल्याचे अंगचे पाणीच वाफेला पुरते.

चार बोटे खोल खळग्यात मडके उपडे घालावे. भोवती आणि वर गोवऱ्या, काटक्या, सुकी झावळी रचून पेंढ्याने पेटवावे. नुसता पेंढा भसकन जळून जातो; धग धरून ठेवतात त्या गोवऱ्याच. वारा असला तर एका अंगाच्या शेंगा करपतात आणि दुसऱ्या अंगाच्या हिरव्याच राहतात. त्यासाठी वाऱ्याच्या बाजूला चार जांभे चिरे उभे करावेत. जाळ आंब्याखाली नको, धगीने मोहोर जातो. सुके गवतही आधी हातभर लांबपर्यंत काढून टाकावे. रंग लावलेल्या फळ्या किंवा प्लायवूड जाळू नये.

३० ते ४० मिनिटांनी मडक्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र करून तिथल्या तिथे उडाले की झाले; ओघळले तर अजून दहा मिनिटे जाळ हवा. थेंबच शिंपडायचे, तांब्याभर पाणी ओतले की तापलेले मडके उकलते. मग निखारे बाजूला सारून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. मडके कोरड्या गोणपाटात धरून सुपात किंवा केळीच्या पानावर पालथे करावे. कोंबडी असेल तर आधी एक पुडी सोडून हाडाजवळचा रस पाहावा. तो तांबूस दिसला तर पुड्या घरात नेऊन वाफवाव्यात. शेंगांना काही होत नाही, तोवर त्या सोलत बसावे.

पाला मिळाला नाही म्हणून कोबीची पाने आणि मडके नको म्हणून कुकर, असे प्रकार अलीकडे दिसतात. त्या शेंगा वाईट लागतात असे नाही, पण त्यांना पोपटी म्हणू नये. भांबुर्ड्याचा तो कडवट, औषधी वास आणि मडक्याची कोरडी धग यांचीच तर पोपटी. शाकाहारी मंडळींचे मडके मात्र पहिल्यापासून वेगळे लावावे. पुड्या कितीही घट्ट बांधल्या तरी रस गळतोच.

शेंगा उरल्याच तर रात्रीच सोलून दाणे काढून ठेवावेत, सकाळी साल चिवट होते. कांदा, हिरवी मिरची आणि ओल्या खोबऱ्यावर ते दाणे परतले की तांदळाच्या भाकरीबरोबर न्याहारी होते.

आपला,
एक वाचक, अलिबाग तालुका