चि. मधुरास, कपाटाविषयी

दादर, मुंबई
सोमवार

चि. सौ. मधुरास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझ्याकडून निघताना आपल्या दोघींच्या तोंडून एक शब्दही निघाला नाही, आणि फोनवर हा विषय निघाला की तो वादातच संपतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. घर तू फार सुंदर लावले आहेस. कर्जाच्या कागदांपासून करारनाम्यापर्यंत प्रत्येक ओळ तू स्वतः वाचलीस आणि बिल्डरच्या माणसाला दोन ठिकाणी दुरुस्ती करायला लावलीस, हे बाबा अजूनही येईल त्याला सांगतात. इराच्या खोलीतले ते कपाट मात्र तिच्या पलंगाच्या उशापाशी राहू नये, एवढेच मला सांगायचे आहे. ते सांगितले की हा विषय मी पुन्हा काढणार नाही.

मुंबईत कुठे भूकंप होतात, असे तू विचारलेस. मुंबई भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या क्षेत्रात येते, म्हणजे मध्यम धोक्याच्या. किल्लारीचा परिसर तर त्या वेळच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता आणि तरीही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून सुमारे दहा हजार माणसे गेली. २६ जानेवारी २००१ चा भूकंप कच्छमधला. पण तिथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. तेव्हा धक्का आपल्यापासून लांब बसेल, हा भरवसा पुरेसा नाही. उद्याच काही होईल असे मी म्हणत नाही. कधी होईल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तर तयारी आधी करून ठेवायची.

मला हे सुचते ते कोयनेमुळे, हे तुला ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे आम्ही पाटणच्या घरी माजघरात झोपलो होतो. आधी जमिनीखालून मोठी गाडी गेल्यासारखा आवाज आला, आणि मग सगळे घर हलू लागले. कौले घसरली, माती गळली, पण आमच्या माजघराची भिंत उभी राहिली. पडली ती मांडणी. आजीने जन्मभर घासूनपुसून ठेवलेले हंडे, घागरी आणि पितळी डबे मांडणीसकट आक्काच्या पायावर आले आणि दाराच्या आतल्या बाजूला असा ढीग झाला की, दार उघडेना. दादांनी बाहेरून खांद्याने दार रेटले, तेव्हा आतल्या भांड्यांचा जो खडखडाट झाला, तो मला अजून ऐकू येतो. कोयनानगरात तर हाहाकार झाला होता. नंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणात गोधड्यांखाली काढल्या, कारण धक्के थांबत नव्हते आणि घरात पाऊल टाकायला आजी तयार नव्हती. आक्काचा पाय पुढे बरा झाला असे सगळे म्हणत. जिना चढताना ती कशी चढते, ते तू लहानपणापासून पाहिले आहेस.

भिंतीची काळजी सगळे करतात, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या वस्तूची कोणी करत नाही. ते कपाट माझ्या लग्नात दादांनी दिले, मी ते तुला दिले, आणि त्यात तू माझ्या पैठण्या ठेवल्यास, याचा मला आनंदच आहे. पण ते लोखंडी आहे, दाराला पुरा आरसा आहे आणि वरच्या कप्प्यात तू मिक्सरची खोकी व जाड पुस्तके भरली आहेस, त्यामुळे त्याचा सारा भार वर गेला आहे. धक्का बसताना कोणी पलंगावर असेल, तर त्याने उठून धावू नये, उशीने डोके व मान झाकून तिथेच थांबावे, असे सांगतात. इराला आपण हेच शिकवणार. मग जिथे तिला थांबायला सांगायचे, त्या पलंगावर कलंडेल असे काहीही जवळ असता कामा नये. कपाट समोरच्या भिंतीला न्यावे, जड सामान खालच्या कप्प्यांत ठेवावे आणि वरच्या बाजूला एल आकाराच्या दोन लोखंडी पट्ट्या लावून ते भिंतीला जखडावे. बोल्ट विटेत किंवा काँक्रीटमध्ये खोल गेला पाहिजे, नुसत्या प्लास्टरमध्ये तो टिकत नाही. नव्या रंगावर छिद्रे पडतील, हे जयेशरावांचे म्हणणे मला समजते. रंग पुन्हा देता येईल.

स्वयंपाकघराची भिंत पाडण्याविषयीही सांगते. तुमच्या इमारतीखाली गाड्यांसाठी मोकळा मजला आहे, केवळ खांबांवर उभा असलेला. अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींपैकी बऱ्याच अशाच होत्या. म्हणून कंत्राटदार “काही होत नाही, मॅडम” म्हणाला, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नकोस, आणि एसीच्या पाइपसाठी बीमला भोक तर मुळीच पाडू देऊ नकोस. पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेल्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावे, असे सोसायटीच्या उपविधींतच आहे. करारनामा वाचणाऱ्या मुलीने तो अहवालही मागून घ्यावा.

मी पुन्हा शाळेतल्यासारखी बोलू लागले, राग मानू नकोस. पण आणखी एक गोष्ट राहिली आहे, आणि ती छायामावशींची आहे. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत इरा त्यांच्याजवळ असते. गॅसचा कॉक बंद कसा करायचा, हे तुला माहीत असून उपयोग नाही, ते त्यांना माहीत हवे: दांडी पाइपला आडवी केली की गॅस बंद. वास आला तर दिव्याचे बटणसुद्धा दाबायचे नाही. हलायला लागले की जिन्याकडे किंवा लिफ्टकडे न धावता इराला घेऊन त्या सागवानी टेबलाखाली बसायचे आणि त्याचा पाय घट्ट धरायचा. हे तोंडी सांगून भागणार नाही, एकदा तिघींनी मिळून करून पाहा; इराला तो खेळच वाटेल. पलंगाखाली पिशवीत तिचे बूट, टॉर्च, शिट्टी आणि तिचा श्वासाचा पंप ठेव, कारण काचा फुटल्यावर अनवाणी चालता येत नाही. वीज गेली की सोसायटीचा पंप बंद आणि नळ कोरडे, म्हणून माणशी दिवसाला चार लिटर धरून तीन दिवसांचे पाणी असावे. विम्याचे आणि घराचे कागद एका प्लॅस्टिकच्या पाकिटात असावेत.

२६ जुलै २००५ च्या रात्री तू कुर्ल्याला अडकली होतीस, फोन लागत नव्हते, आणि बाबा सायनपर्यंत पाण्यातून जाऊन परत आले होते. त्या रात्री मला एवढेच हवे होते की, कोणीतरी सांगावे, मधुरा सुखरूप आहे. म्हणून आत्ताच ठरवू या. मुंबईत एकमेकांचे फोन लागले नाहीत, तर प्रत्येकाने कराडच्या वसूमामाला निरोप द्यायचा, आणि तुम्ही सर्वांनी इमारतीपासून दूर, शाळेच्या मैदानावर भेटायचे. वसूमामाचा नंबर इराकडून पाठ करून घे. गाड्या बंद पडल्या तर ऑफिसातून घरी पोचायला तुला रात्र होईल. तोवर इराला कोण सांभाळेल, हे शेजारच्या देशपांडेबाईंशी आजच बोलून ठेव.

तू घाबरट आईची मुलगी असूनही धीट निघालीस, याचे मला फार समाधान आहे. ही सारी तयारी तू माझ्यापेक्षा नीट करशील. कपाटाचे तेवढे या आठवड्यात कर. रविवारी बाबा ड्रिल घेऊन येतील, पट्ट्या आणि बोल्ट मी आणून ठेवले आहेत.

जयेशरावांना नमस्कार, इराला गोड पापा.

तुझी,
आई

ता. क. कपाट समोर नेल्यावर पलंग खिडकीखाली सरकवू नका, तिथे काच आहे. भिंतीवरची ती मोठी तसबीरही उशावरून काढावी.