संशोधन आफ्रिकेवरचे, कुलूप परदेशात

महोदय,

शोधनिबंध सर्वांना मोफत वाचता यावेत, ही मागणी आपल्याकडे प्राध्यापक मंडळींचा अंतर्गत विषय म्हणून बाजूला सारली जाते. लायबेरियात जे घडले ते वाचल्यावर तसे म्हणवत नाही.

2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली आणि एकट्या लायबेरियात 4,800 हून अधिक माणसे दगावली. एप्रिल 2015 मध्ये त्या देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान यांनी दोन सहकाऱ्यांसह ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले, की 1982 मध्येच जर्मन संशोधकांनी लायबेरियातल्या लोकांचे रक्त तपासून, या देशाला इबोलाच्या टापूत धरले पाहिजे, असे एका युरोपीय नियतकालिकात नोंदवले होते. त्या देशातल्या डॉक्टरांपर्यंत ते पोहोचलेच नाही. अशा निबंधांवर एकाही लायबेरियन शास्त्रज्ञाचे नाव नव्हते, आणि त्यातला एक वाचायचा तर 45 डॉलर, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार! निबंध मोफत असता तर साथ टळली असती, असा माझा दावा नाही. पण ज्यांच्या दंडातून रक्त काढले, त्यांनाच निष्कर्ष विकत घ्यायला लावणे अन्यायाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2002 मध्ये ‘हिनारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकीय नियतकालिके मोफत किंवा स्वस्तात मिळतात, आणि त्याचे मोल मोठे आहे. तरी ती प्रकाशकांनी दिलेली सवलत आहे, वाचकाचा हक्क नव्हे.

आता तर कुलूप दुसऱ्या दाराला लागले आहे. वाचकाला मोफत, पण छापण्याचे पैसे लेखकाकडून, अशी पद्धत रूढ होत आहे. ‘नेचर’ या नामांकित विज्ञान नियतकालिकाने हे शुल्क 9,500 युरोपासून सुरू केले. अतिगरीब देशांतल्या लेखकांना अनेक प्रकाशक माफी देतात. मधल्या उत्पन्नगटातल्या देशांच्या वाट्याला बहुधा अर्धवट सवलत येते. अर्धे शुल्क तरी कुठल्या विभागाच्या अंदाजपत्रकात बसणार? मला हे जुन्या पद्धतीपेक्षाही घातक वाटते, कारण पूर्वी आफ्रिकेतल्या संशोधकाला वाचता येत नव्हते, आता त्याला बोलता येणार नाही.

वेगळी वाट आफ्रिकेतच आहे. ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ ही दक्षिण आफ्रिकेतून चालणारी संस्था 1998 पासून आफ्रिका खंडातली नियतकालिके जगापुढे आणते. लेखकाकडूनही पैसे नाहीत आणि वाचकाकडूनही नाहीत, अशा नियतकालिकांना खरी गरज आहे ती स्थिर सार्वजनिक निधीची.

यात आपला संबंध थेट आहे. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना नियतकालिकांची एकत्रित वर्गणी भरून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेसाठी तीन वर्षांचे 6,000 कोटी रुपये मंजूर केले. सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांची त्यातून मोठी सोय झाली, हे मी ग्रंथपाल म्हणून आनंदाने सांगते. मात्र तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेरच राहिला, आणि पैसा गेला तो प्रामुख्याने बड्या परदेशी प्रकाशकांकडे. या रकमेचा एक हिस्सा दोन्ही बाजूंनी विनाशुल्क असलेल्या भारतीय व आफ्रिकी नियतकालिकांसाठी राखून ठेवावा. तसेच आफ्रिकी देशांबरोबर भारताच्या निधीतून होणाऱ्या संशोधनाचा प्रत्येक निबंध खुला असावा आणि त्यावर तिथल्या संशोधकांची नावे असावीत, अशी अट सरकारने घालावी.

– एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा