बेरिल, गेलेली लाईट आणि बाबांचे प्रश्न

पेअरलँड (टेक्सास, ह्यूस्टनजवळ), १८ जुलै २०२४

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बेरिल वादळाच्या त्या आठवड्यात फोनवर नुसतं "आम्ही ठीक आहोत, लाईट नाहीये, बॅटरी संपतेय, ठेवते" एवढंच व्हायचं. लाईट आल्यावर नीट फोन केला तर बाबांचा पहिला प्रश्न, डीपी (म्हणजे ट्रान्सफॉर्मर) उडाला की लाईन तुटली? आणि आईचा, फ्रिजमधलं काय केलंस? म्हणून आता सगळं सविस्तर टाईप करून पाठवतेय, अक्षरं बारीक वाटली तर दादाला प्रिंट काढायला सांगा.

हे वादळ तुम्हाला आधीपासून माहितीये बरं का. आपली टीम वर्ल्ड कप जिंकून बार्बाडोसमध्ये अडकली होती, एअरपोर्ट बंद म्हणून हॉटेलात बसून होती, ते याच बेरिलमुळे. ४ जुलैची मरीन ड्राइव्हची मिरवणूक आम्ही इथे सकाळी चहा पिता पिता बघितली, इथे त्या दिवशी सुट्टी असते ना, आणि तेव्हा हे महाशय जमैका ओलांडून मेक्सिकोकडे निघालेले. त्याआधी कॅटेगरी पाचला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला, जाऊन आलेलं, अटलांटिकमध्ये इतक्या लवकर, म्हणजे जुलैच्या सुरुवातीलाच, कॅटेगरी पाच कधी झाल्याची नोंदच नाहीये. आधी अंदाज होता मेक्सिको नाहीतर टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाचा, त्यामुळे सुट्टीच्या मूडमध्ये कोणी फार मनावर घेतलं नाही. मग शनिवार-रविवारी मार्ग वर वर सरकत आमच्याकडे आला, आणि सोमवारी ८ जुलैला पहाटे चारच्या सुमारास मॅटागोर्डाजवळ किनाऱ्याला लागलं, म्हणजे आमच्यापासून गाडीने साधारण दीड तासावर. तोवर कॅटेगरी एकच उरलेलं, बातम्यांत वारा ताशी १३० किलोमीटरच्या आसपास सांगत होते.

कॅटेगरी एक म्हणून सगळे निवांत होते आणि माझं मत विचाराल तर तिथेच गडबड झाली. इथे २०१७ च्या हार्वी वादळाने सगळ्यांच्या मनात पाण्याची भीती घातलीये, जो तो रस्त्यावर पाणी किती चढेल तेच बघतो. वाऱ्याचं कोणाच्या डोक्यात नसतं. यंदा १६ मेला असाच नुसता वारा सुटला, डाउनटाउनमधल्या उंच बिल्डिंगांच्या काचा फुटल्या, तरी नाही. त्यात बेरिलचा डोळा आमच्या पश्चिमेकडून वर गेला आणि आम्ही आलो उजव्या अंगाला. वादळ ज्या दिशेने पळतं त्याच्या उजवीकडे त्याचा स्वतःचा वेगही वाऱ्यात मिळतो, त्यामुळे मार जास्त. बाबा, हे तुम्हाला मी काय सांगणार.

पहाटे लाईट गेली तेव्हा आम्ही चौघं जिन्याखालच्या कपाटाशेजारी गाद्या टाकून पडलो होतो, खिडक्यांपासून लांब. आवाज भयंकर. ही घरं लाकडी सांगाड्याची, तुमच्यासारखी जांभ्याची नाहीत, त्यामुळे भिंत करकरते ते ऐकू येतं. धाकटी झोपून राहिली हे एक बरं, मोठा मात्र दर पाच मिनिटांनी "आजोबांकडे पण असंच झालेलं का" विचारत होता. सांगितलं त्याला, ३ जून २०२०, निसर्ग वादळ, दापोलीतल्या निम्म्या बागा झोपल्या, आजी-आजोबा माजघरात बसून होते आणि आजोबा वीज खात्यातून रिटायर असूनही दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन सबस्टेशनला गेले. हे ऐकून तो खूश.

सकाळी दहा-अकराला वारा ओसरला. मागचं कुंपण अख्खं आडवं, शेजारच्यांचंही, त्यामुळे तीन परसं मिळून एक मैदान झालेलं. छपराची थोडी कौलं, म्हणजे इथली ती डांबराची, गेली. इन्शुरन्सचं विचारू नका, इथे वादळासाठी घराच्या किमतीच्या टक्क्यात पहिली रक्कम आपणच भरायची असते, त्यात आपलं कुंपण कुठल्या कुठे बसतं. समोरच्या मेक्सिकन आजोबांच्या दारातला ओक मात्र मुळासकट उपटला. आधीच्या पावसाने माती भिजलेली, मुळं वरच्यावर, बसला की एक झटका.

तर बाबा, तुमचं उत्तर. डीपी शाबूत होता. आमच्या कॉलनीत लाईन जमिनीखालून आहे आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे घरापुढच्या गवतात ठेवलेली हिरवी पेटी. मला वाटायचं अंडरग्राउंड म्हणजे काही होणारच नाही, पण आमच्या कॉलनीला येणारा फीडर, म्हणजे मुख्य लाईन, मोठ्या रस्त्याने वरूनच येतो, लाकडी पोलवरून, आणि त्यावर झाड. ह्यूस्टनभर हीच कथा. वीस लाखांहून जास्त कनेक्शनं बंद, माणसं नाही म्हणत, कनेक्शनं. शहर एवढं झाडांनी भरलेलं आणि तारा त्याच झाडांतून. क्रम तुमचाच, आधी सबस्टेशन, हॉस्पिटलं, मग मोठे फीडर, मग फाटे, आणि सगळ्यात शेवटी एकेकट्या घराची तार. बाहेरच्या राज्यांतून बकेट ट्रक घेऊन लाईनमन आलेले, निसर्गच्या वेळी तुमच्याकडे दुसऱ्या जिल्ह्यातली पोरं आली होती तसेच. आमच्या कोपऱ्यावर टीम आली तेव्हा बायका पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं घेऊन धावल्या, मी थर्मास भरून चहा नेला. ३५ डिग्रीच्या दमट उन्हात तो चहा कोणी प्यायला असेल असं वाटत नाही, पण थँक्यू म्हणाले.

राग लाईनमनवर नाहीच कोणाचा. राग आहे वीज कंपनीवर, कारण कुठे लाईट आहे, कुठे नाही, कधी येणार हे दाखवणारा धड नकाशाच नव्हता. मग लोकांनी काय शोधलं, व्हॉटबर्गर म्हणून इथलं बर्गरचं दुकान आहे, गल्लोगल्ली शाखा, त्यांच्या ॲपवर उघडी दुकानं केशरी आणि बंद दुकानं करडी दिसतात. केशरी म्हणजे त्या भागात लाईट आली! अख्खं शहर बर्गरच्या ॲपवर वीज बघत होतं. बाबा, तुम्ही फोनवर हसलात ते यालाच, पण शप्पथ खरं आहे.

आई, फ्रिजचं. गॅस पाईपचा आहे, काडीने पेटतो, म्हणून पहिल्याच दिवशी फ्रीझर रिकामा करायला घेतला. मटार, पराठे, तू शिकवलेलं ओलं वाटण, सगळं शिजवून शेजाऱ्यांत वाटलं. दूध, दही, पनीर टाकलं, जीव तुटला पण टाकलं. तू दिलेलं कोकम आणि मेतकूट होतं, मेतकूट-भात किती वेळा झाला मोजला नाही. घर मात्र भट्टी, इथली घरं एसी गृहीत धरूनच बांधतात, वारा खेळायला जागाच नाही. रात्री पोरांना ओल्या पंच्याने पुसायचो. मराठी मंडळाच्या ग्रुपवर ज्यांच्याकडे लाईट आली त्यांनी स्वतःहून "या झोपायला" लिहिलं, गुरुवारी आम्ही एका ओळखीच्यांकडे जाऊन राहिलो, शनिवारी रात्री आमची आली. काल एकादशीला साबुदाणा केला, गार घरात बसून.

आता कामाचं. जावईबापूंना जनरेटर घ्यायचाय आणि ते म्हणतात गॅरेजमधल्या सॉकेटला उलटी वायर जोडली की घर चालू. मी म्हणलं बाबांना विचारल्याशिवाय नाही. मेन बंद करायचा राहिला तर करंट उलटा लाईनवर जाणार आणि वर चढलेला माणूस मरणार, हे मी लहानपणापासून तुमच्या तोंडून ऐकलंय. इथे इंटरलॉक म्हणून एक पट्टी मिळते, मेन आणि जनरेटर एकावेळी चालूच होऊ देत नाही. बोर्डाचा फोटो खाली टाकलाय, बघून त्यांना तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाहीत. आणि जनरेटर घरापासून किमान वीस फूट लांबच ठेवणार, त्याच्या धुराने दरवेळी इथे माणसं दगावतात.

वादळांचा सीझन ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, म्हणून तुमची तिकिटं ऑक्टोबरऐवजी डिसेंबरची बघतेय. आईच्या पासपोर्टची तारीख एकदा बघून कळवा.

तुमची,
ताई