रविवारच्या मीड-चाखणीची आठवण

सभासद मित्रमैत्रिणींनो,

रविवारी सायंकाळी ५ वाजता रंकाळ्याजवळच्या आपल्या नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. पुण्याच्या मूनशाइन आणि नाशिकच्या सेराना या कंपन्यांच्या मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, शेजारी शेजारी ठेवून चाखू. सेराना हे नाव आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातलं, एपिस सेराना.

मागच्या खेपेला कॉफीची मीड आधी ओतली गेली आणि नंतरच्या साध्या मीडमधला मधाचा वास कुणालाच लागला नाही. फार हळहळ वाटली. म्हणून आता क्रम पक्का: आधी साधी, मग सफरचंदाची, मग जांभळाची, कॉफी सगळ्यात शेवटी. बाटल्या कागदात गुंडाळलेल्या असतील, नाव नंतरच उघडू. पेल्यात दोन घोटच घ्या, पण आधी नाक लावा. मीड गोडच असते असं नाही. यीस्टनं मधातली बहुतेक साखर खाल्ली की ती कोरडी लागते आणि मधाचा फक्त गंध मागे राहतो. तो ओळखता यावा म्हणून पाटगावचा मध एका वाटीत ठेवणार आहे.

दुपारी तांबडा-पांढरा ओरपून येऊ नका, जीभ तिखटानं बधिर होते. अत्तर नको. साधे कुरमुरे आणि पाणी इथं आहे.

वयाची २५ वर्षं पूर्ण असलेल्यांनीच यावं, मद्यपानाचा परवाना सोबत ठेवावा. गाडी चालवणाऱ्यानं चाखू नये, रिक्षानं या. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, पेले मोजकेच आहेत.