'अवर'चा होरा चुकला

महोदय,

इंग्रजीतला 'अवर' (hour), म्हणजे तास, आपल्या 'अहोरात्र'वरून आला, हा मजकूर व्हॉट्सॲपवर मला गेल्या महिन्याभरात चौथ्यांदा आला. 'अहोरात्र'मधला पहिला 'अ' आणि शेवटचा 'त्र' गाळा, 'होरा' उरतो. तो इंग्रजांनी उचलला, झालं!

ही व्युत्पत्ती जुनी आहे. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर याच्या 'बृहज्जातक' या ग्रंथात ती सापडते, पण तिथे ती 'एके', म्हणजे काहीजण, असं म्हणून दिली आहे. फॉरवर्ड करणाऱ्यांनी नेमका तो 'एके' गाळला. मुळात होरा हा शब्द ग्रीक. अर्थ ऋतू, वेळ. पश्चिमेला तो लॅटिन आणि फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, पूर्वेला आपल्या ज्योतिषात आला. म्हणजे 'अवर' आणि 'होरा' ही मावसभावंडं. ग्रीकांकडून होरा एकटा आला नाही. केंद्र आला, जामित्रही आला. पत्रिकेतलं सातवं स्थान पाहताना आपण ज्याला जामित्र म्हणतो, तो ग्रीक 'डायमेट्रॉस', इंग्रजी 'डायमीटर'चा सख्खा. वराहमिहिराला या उसनवारीची लाज नव्हती. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलं आहे, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं 'बृहत्संहिते'त आहे.

मिनिट-सेकंदाची गंमत वेगळीच. साठाने भागायची रीत बाबिलोनची. लॅटिनमध्ये पहिल्या भागाकाराला 'पार्स मिनुटा प्रिमा', पहिला बारीक भाग, म्हणत. त्याचे पुन्हा साठ केले की 'सेकुंडा', दुसरा. 'एक सेकंद थांबा' म्हणताना आपण नुसतं 'दुसरा' म्हणत असतो! ग्रीकांचा बारीक भाग 'लेप्टॉन'. आपल्या ज्योतिषातली 'लिप्ता' तीच.

अभिमान हवाच असेल तर घटिका आहे. दिवसाच्या ६० घटिका, घटिकेची ६० पळं. घटिका २४ मिनिटांची. तळाला भोक असलेली वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की घटका भरली. माणसाची 'घटका भरते' ती इथूनच, आणि 'घड्याळ'ही याच घरातलं.

माझ्या लग्नात गुरुजींनी अशीच वाटी घंगाळात सोडली होती. अंतरपाट धरायची वेळ मात्र त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिली.

– एक निवृत्त संस्कृत शिक्षक, सांगली